हल्ला केला तो हाच का? वाघ-बिबट्याची एकेकाची डीएनए-ओळख, जखमेपासून न्यायालयापर्यंत

पिंजऱ्यात बिबट्या अडकला की गावाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हाच का तो?" जुन्नर-आंबेगावच्या उसात एकाच ओढ्याच्या काठाने मादी, तिचे वाढलेले बछडे आणि अधूनमधून येणारा नर असे कितीतरी बिबटे वावरतात. पिंजऱ्यात सापडला तोच हल्लेखोर असेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. चुकीचा बिबट्या उचलला तर एक निरपराध जनावर जन्मभर कोंडले जाते आणि खरा हल्लेखोर त्याच उसात राहतो. म्हणजे माणसांचाही घात होतो. २०१८ मध्ये यवतमाळच्या पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीसोबत तिचे दोन बछडे होते आणि टी-२ हा नरही त्याच टापूत फिरत होता. तिथेही सगळा वाद अखेर 'नेमकी कोण' यावरच येऊन थांबत होता.

डीएनए या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो, पण ते प्रयोगशाळेत तयार होत नाही. घटनास्थळी पहिल्या काही तासांत जे गोळा केले जाते त्यातच ते असते किंवा नसते. म्हणून या लेखात वनरक्षक, वनपरिक्षेत्र अधिकारी आणि पशुवैद्यकांच्या हातातल्या कामावर जास्त भर दिला आहे. प्रयोगशाळेचे काम अहवाल वाचता यावा, त्यावर नेमके प्रश्न विचारता यावेत, इतक्या तपशिलाने सांगितले आहे.

आधी प्रश्न नक्की करा

'हे कोणत्या प्रजातीचे' आणि 'हे कोणते जनावर' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींसाठी डीएनएही वेगवेगळा लागतो.

प्रजाती ओळखायला मायटोकॉन्ड्रियातला डीएनए पुरतो. एका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात, त्यामुळे गळालेला केस, कमावलेले कातडे, जुने हाड यांतूनही तो हाती लागतो. हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेत सुनीलकुमार वर्मा आणि लालजी सिंह यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले सायटोक्रोम-बी जनुकाचे सार्वत्रिक प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग पकडणारे छोटे तुकडे) याच कामासाठी आहेत. पण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या पिल्लांना जसाच्या तसा मिळतो. आई, बछडे, मावशी यांच्यात फरक दिसत नाही. त्यावरून 'हाच बिबट्या' असे म्हणता येत नाही, आणि तसे कुठल्या अहवालात म्हटले असेल तर तो अहवाल चुकीचा आहे.

एकेका जनावराच्या ओळखीसाठी पेशीकेंद्रातला डीएनए हवा, आणि त्याच्या प्रती पेशीत दोनच: एक आईची, एक बापाची. नमुना खराब झाला की आधी तोच नष्ट होतो. पुढची सारी खबरदारी या दोन प्रती वाचवण्यासाठी आहे.

जखमेवरची लाळ

हल्ल्याच्या प्रकरणात सर्वांत मोलाचा नमुना म्हणजे चाव्याच्या जखमेभोवतीची लाळ. इतर पुरावे जनावर त्या भागात होते एवढेच सांगतात. लाळ त्याला थेट जखमेशी जोडते.

माणूस जिवंत असेल तर उपचार आधी. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि रेबीजची लस यांत नमुन्यासाठी उशीर करायचा नाही. स्वॅब घ्यायला एखादे मिनिट लागते. डॉक्टरांनी हो म्हटले तर धुण्याआधी घ्या, नाही तर सोडून द्या. अशा वेळी अंगावरचे फाटलेले कपडे जपा. त्यांवर लाळ असते आणि बहुतेक वेळा ते दवाखान्याच्या कोपऱ्यात फेकले जातात.

मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनापूर्वी आणि मृतदेह धुण्यापूर्वी स्वॅब घेणे आवश्यक आहे. मृतदेह पोलिसांच्या ताब्यात असतो, म्हणून स्वॅब घेतल्याची नोंद मरणोत्तर पंचनाम्यात व्हायला हवी. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आणि ठाणेदारांशी हे बोलणे घटनेच्या दिवशी नव्हे, हंगामाच्या सुरुवातीलाच करून ठेवा.

स्वॅबची पद्धत दुहेरी असते. पहिला निर्जंतुक स्वॅब डिस्टिल्ड वॉटरच्या एक-दोन थेंबांनी ओलसर करा, ठिबकेल इतका नको. सुळ्यांच्या छिद्राच्या कडेभोवती, साधारण दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यात, स्वॅब फिरवत हलक्या हाताने पुसा. जखमेच्या आत खुपसू नका. तिथे बळीचेच रक्त भरलेले असते आणि लाळेचा अंश त्यात बुडून जातो. लगेच त्याच जागेवर दुसरा, कोरडा स्वॅब फिरवा. ओल्या स्वॅबने सुटलेल्या पेशी तो उचलतो. ही जोडी एका जखमेची. दुसऱ्या जखमेसाठी हातमोजे बदला आणि नवी जोडी घ्या. शेवटी जखम नसलेल्या भागावरून एक नियंत्रण-स्वॅब घ्या. त्यातही बिबट्याचा डीएनए निघाला, तर हाताळताना काहीतरी मिसळले आहे हे कळते.

कोणती जखम निवडायची हे गुरांच्या बाबतीत फार महत्त्वाचे ठरते. वाघ-बिबट्या गळा किंवा मान पकडून मारतो. मागचा भाग नंतर कोल्हे, कुत्री, रानडुकरे किंवा दुसरा बिबट्याही खाऊन जातो. जनावर जिवंत असताना झालेल्या चाव्याखाली, कातडीच्या आतल्या बाजूला रक्त साकळलेले दिसते. मेल्यानंतरच्या चाव्याखाली ते नसते. रक्त साकळलेल्या छिद्राभोवतीचा स्वॅब मारणाऱ्याचा, बाकीच्या ठिकाणचा खाणाऱ्याचा. दोन्ही घ्या, पण वेगळ्या पाकिटांत, आणि पाकिटावर 'मानेची उजवी बाजू, छिद्र क्र. १' असे नेमके लिहा. नुसते 'जखमेचा स्वॅब' लिहिलेल्या पाकिटातून नंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

उन्हात आणि ओलीत लाळ झपाट्याने खराब होते. चोवीस तासांच्या आत घेतलेल्या स्वॅबकडून चांगली आशा ठेवता येते, पाऊस पडून गेल्यावर फार थोडी. स्वॅब सावलीत तासभर वाळवा, कागदी पाकिटात घाला. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला स्वॅब घालणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे: बुरशी आणि जिवाणू दोन दिवसांत डीएनएचे तुकडे करतात आणि बाहेरून काही कळतही नाही. जीपच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या पाकिटाचीही तीच गत होते.

पकडलेल्या जनावराचा नमुना

तुलनेसाठी दुसरी बाजू स्वच्छ हवी. भूल दिली असेल तर पशुवैद्यकाने २ ते ५ मिलि रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यावे. हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी नको. हेपॅरिन पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेला, अडवते. भूल द्यायची नसेल तर मुळासकट उपटलेले दहाएक केस किंवा पिंजऱ्यातली ताजी विष्ठा चालते. केसाच्या मुळाशी पांढरट गाठ दिसली पाहिजे. पिंजऱ्याच्या गजाला चिकटलेले गळके केस घेऊ नका. त्यांत पेशीकेंद्राचा डीएनए नगण्य असतो आणि ते मागच्या वेळी याच पिंजऱ्यात आलेल्या बिबट्याचेही असू शकतात.

म्हणून दर वापरानंतर पिंजरा ब्लीचने धुवायचा: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटे ठेवून मग साध्या पाण्याने. नुसत्या डेटॉलने किंवा स्पिरिटने पुसल्याने डीएनए जात नाही.

आणि एक नियम कुठल्याही घाईत मोडायचा नाही. बळीचे स्वॅब आणि पकडलेल्या जनावराचे रक्त एकाच माणसाने, एकाच दिवशी, एकाच टेबलावर हाताळू नये. एकाच खोक्यात पाठवू नये. रक्ताच्या एका थेंबात जेवढा डीएनए असतो, तेवढा लाळेच्या दहा स्वॅबमध्ये मिळून नसतो. झाकणाला लागलेला अंशसुद्धा 'जुळले' असा निकाल देऊ शकतो. बचाव पक्षाच्या चांगल्या वकिलाने इथेच बोट ठेवले तर सारे प्रकरण कोसळते, आणि ते योग्यच आहे.

विष्ठा

गणनेसाठी आणि संशयित टापूतले रहिवासी कोण हे आधीच माहीत असावे म्हणून विष्ठेचे नमुने घेतात. डीएनए हवा असतो तो आतड्याच्या आतल्या थराच्या पेशींतला, आणि त्या विष्ठेच्या बाहेरच्या चकचकीत थरावर असतात. आत भक्ष्याचे केस, हाडे, म्हणजे चितळाचा आणि रानडुकराचा डीएनए. त्यामुळे पूर्ण विष्ठा कुस्करून मिसळण्यापेक्षा बाहेरचा थर निर्जंतुक पातीने खरवडा किंवा ओलसर स्वॅबने पुसून घ्या. जिथे सूर्य लागला नाही अशी बाजू निवडा, पण जमिनीला टेकलेली नको.

साठवण्याच्या दोन चांगल्या पद्धती आहेत. पहिली: नमुन्याच्या चार-पाच पट आकारमानाच्या ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये एक-दोन दिवस ठेवून मग सिलिका जेलमध्ये वाळवणे. दुसरी: थेट सिलिकात, एक ग्रॅम विष्ठेला किमान चार ग्रॅम सिलिका या प्रमाणात. सिलिकाचा रंग बदलला की लगेच बदला. फॉर्मॅलिन कुठल्याच नमुन्याला लावू नका. शवविच्छेदनात अवयव फॉर्मॅलिनमध्ये घालण्याची सवय असते. रोगनिदानासाठी ते ठीक, डीएनएसाठी तो नमुना जवळपास गेलाच.

महाराष्ट्रात डिसेंबर ते मे हा हंगाम बरा. जून ते सप्टेंबरमध्ये एका सरीने वरचा थर धुऊन जातो. ताजेपणा पाहताना चकाकी, ओल आणि वास पाहा. पांढरी पडलेली, भुंगेऱ्यांनी पोखरलेली विष्ठा प्रजाती सांगेल, जनावर बहुधा सांगणार नाही. अशा नमुन्यांवर पैसा घालवण्यापेक्षा पायवाट पुन्हा एकदा चालून ताजा नमुना शोधणे स्वस्त पडते.

जप्त कातडी, नखे, हाडे

इथे पहिला प्रश्न खरे की खोटे हा असतो. गुरांच्या शिंगातून कोरलेली 'वाघनखे' सोन्या-चांदीच्या कोंदणात घालून विकली जातात. खऱ्या नखाच्या आत हाडाचा गाभा असतो, आणि डीएनएही तिथेच चांगला मिळतो. कोंदण काढून, गाभ्याला कमी वेगाच्या ड्रिलने छिद्र पाडून १०० ते २०० मिलिग्रॅम भुकटी घेतात. वेग वाढला की उष्णतेने डीएनए करपतो. भुकटी ०.५ मोलर ईडीटीएमध्ये किमान एक दिवस ठेवून त्यातले कॅल्शियम काढावे लागते.

कमावलेल्या कातड्यात रसायनांनी बराच डीएनए नष्ट झालेला असतो. ओठ, कान, पंजाच्या गादीजवळची जाड कातडी अशा दोन-तीन ठिकाणांहून तुकडे घ्या. ताजे मांस किंवा कातडी असेल तर हरभऱ्याएवढा तुकडा पुरे. मोठा गोळा अल्कोहोलमध्ये घातला तर अल्कोहोल आतपर्यंत पोचत नाही आणि गाभा सडतो.

किती जनावरे मारली हा खटल्यातला कळीचा मुद्दा असतो. वाघाला १८ नखे असतात, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. ४० नखे सापडली तर गणिताने किमान तीन वाघ. पण ती सात वाघांचीही असू शकतात. हे फक्त एकेका नखाच्या प्रोफाइलने, म्हणजे त्याच्या वैयक्तिक डीएनए-ओळखीने कळते, म्हणून 'नमुन्यादाखल पाच नखे' पाठवू नका, सगळी पाठवा. हस्तिदंताच्या बाबतीत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सॅम्युएल वॉसर यांच्या चमूने याच विचाराने मोठे काम केले. एकाच हत्तीचे दोन सुळे वेगवेगळ्या खेपांत पाठवले जात होते. डीएनएने जोड्या जुळवल्यावर केनियातील मोंबासा, युगांडातील एन्टेबे आणि टोगोतील लोमे इथून चालणाऱ्या तीन टोळ्यांचे धागे उघड झाले. हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या जप्तींचे प्रोफाइल एकमेकांशी ताडून पाहिले, तरच एका वाघाचे कातडे एकीकडे आणि हाडे दुसरीकडे कशी गेली हे कळेल.

पंचनामा आणि मोहोर

प्रत्येक नमुन्याला वेगळा क्रमांक, जीपीएस स्थान, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही. पाकिटाच्या जोडावर लाखेची मोहोर, आणि त्याच मोहोरेचा ठसा अग्रेषण पत्रावर, म्हणजे नमुन्यांसोबत प्रयोगशाळेला जाणाऱ्या पत्रावर. नमुना कुणाकडून कुणाकडे, केव्हा गेला याची नोंद तुटता कामा नये. रात्रभर तो कुठल्या कपाटात होता आणि किल्ली कुणाकडे होती, हे उलटतपासणीत विचारले जाते. जवळपास निम्मा नमुना मोहोरबंद राखून ठेवा. फेरतपासणीची मागणी झाली तर तोच कामी येतो.

अग्रेषण पत्रात प्रश्न स्पष्ट लिहा: 'क्र. ३ व ४ चे स्वॅब आणि क्र. ९ चे रक्त एकाच जनावराचे आहे काय? लिंग कोणते?' नुसते 'तपासून अहवाल द्यावा' असे लिहिले तर प्रजातीचा अहवाल परत येतो आणि तीन आठवडे वाया जातात. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि हैदराबादची सीसीएमबीची लॅकोन्स प्रयोगशाळा इथे हे काम होते. पाठवण्यापूर्वी त्या जातीसाठी वैयक्तिक ओळखीची चाचणी प्रमाणित आहे का, हे फोनवर विचारून घ्या.

प्रयोगशाळेत काय घडते

अर्क काढताना ऊती साधारण २० मिलिग्रॅम पुरते. प्रोटिनेझ-के हे प्रथिने तोडणारे विकर घालून ५६ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात, मग सिलिका-स्तंभावरून शुद्ध करून ५० ते १०० मायक्रोलिटरमध्ये उतरवतात. प्रत्येक तुकडीत एक कोरा नमुना, म्हणजे फक्त रसायने, शेवटपर्यंत चालवायचा. कोऱ्यात काही दिसले तर पूर्ण तुकडी बाद. विष्ठेत पित्तक्षार आणि वनस्पतींची शर्करासंयुगे असतात, ती पीसीआर अडवतात. अर्क दहापट विरळ करून किंवा बोवाइन सीरम अल्ब्युमिन घालून बहुधा मार्ग निघतो. विष्ठेच्या अर्कातला एकूण डीएनए मोजण्यात अर्थ नाही, कारण त्यातला बहुतांश जिवाणूंचा असतो. मांजरकुळापुरता डीएनए मोजणारी क्यूपीसीआर चाचणीच खरे सांगते.

मग प्रजाती, मग लिंग, आणि सगळ्यात शेवटी वैयक्तिक ओळख. हा क्रम उलटा करू नये. वाघासाठी वापरले जाणारे अनेक प्रायमर मुळात पाळीव मांजरासाठी शोधलेले आहेत; ते बिबट्यावर, रानमांजरावर, घरच्या मनीवरही चालतात. प्रजाती न तपासता प्रोफाइल काढले तर रानमांजराची विष्ठा 'नवा बिबट्या' म्हणून यादीत बसते. या प्रायमरांची कुळकथाही न्यायवैद्यकाशी जोडलेली आहे. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या १९९४ च्या एका खुनात जाकिटावरचे पांढरे केस 'स्नोबॉल' नावाच्या मांजराचे असल्याचे मॅरिलिन मेनोटी-रेमंड आणि स्टीफन ओब्रायन यांनी दाखवले. बेटावरची मांजरे एकमेकांची नातलग असतील तर जुळणीला काय अर्थ, ही शंका तेव्हाच पुढे आली होती. म्हणून त्यांनी बेटावरच्या इतर मांजरांचे नमुने तपासले.

लिंगाच्या चाचणीत एक सापळा आहे. सगळ्या सस्तन प्राण्यांवर चालणारे लिंगप्रायमर वापरले आणि बळी पुरुष असेल, तर जखमेच्या स्वॅबमध्ये माणसाचे वाय गुणसूत्र दिसते आणि मादी बिबट्याचा 'नर' होतो. भक्ष्य बैल असेल तरी तेच. म्हणून प्रायमर मांजरकुळापुरते असावेत आणि ते माणूस, गाय, बकरी, कुत्रा यांच्या डीएनएवर चालत नाहीत हे प्रयोगशाळेने दाखवलेले असावे. अहवाल हाती आला की हा प्रश्न जरूर विचारा.

वैयक्तिक ओळख मायक्रोसॅटेलाइटवर चालते. डीएनएत काही ठिकाणी दोन ते चार अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो, आणि किती वेळा येतो हे जनावरागणिक बदलते. अशा एकेका जागेवर आईकडून एक आणि बापाकडून एक लांबी मिळते. या लांबीला अलील म्हणतात. दहा ते पंधरा जागांवरच्या अलीलांचे आकडे म्हणजे त्या जनावराचे प्रोफाइल. खराब नमुन्यासाठी २०० अक्षरांहून लहान तुकडे निवडावेत, कारण लांब तुकडे शिल्लकच नसतात. चार अक्षरी पुनरावृत्ती दोन अक्षरीपेक्षा बरी, कारण तिच्या आलेखात खोटी उपशिखरे कमी येतात. आंतरराष्ट्रीय न्यायजनुकशास्त्र संघटनेच्या २०११ च्या शिफारशींतही प्राण्यांसाठी हाच आग्रह आहे.

दोन प्रयोगशाळांचे आकडे थेट शेजारी ठेवून ताडू नका. यंत्र आणि रंगद्रव्य बदलले की तोच अलील एकीकडे १५२ आणि दुसरीकडे १५४ वाचला जातो. काही नमुने दोन्हीकडे चालवून फरक आधी काढावा लागतो.

गळालेला अलील

विरळ अर्कात पीसीआरच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत दोनपैकी एकच प्रत पकडली जाते. खरे प्रोफाइल १४८/१५६ असते, दिसते १४८/१४८. हेच अलील गळणे. यामुळे एकाच बिबट्याचे दोन नमुने दोन वेगळे बिबटे वाटतात आणि खऱ्या हल्लेखोराला निर्दोष ठरवले जाऊ शकते.

यावर उपाय एकच, पुनरावृत्ती. एका वेळी अलील गळण्याचे प्रमाण ३० टक्के धरले, तर एकदाच केलेल्या चाचणीत चूक होण्याची शक्यता ३० टक्के. तीन स्वतंत्र पीसीआरमध्ये तिन्ही वेळा तोच एक अलील गळण्याची शक्यता २ × ०.१५ × ०.१५ × ०.१५, म्हणजे ०.७ टक्क्याहून कमी. वेगवेगळे दोन अलील दिसले तर प्रत्येक किमान दोनदा दिसल्याशिवाय स्वीकारू नये. एकच दिसला तर आणखी वेळा तपासावे. पिएर ताबेर्ले यांच्या चमूने १९९६ मध्ये अगदी विरळ नमुन्यांसाठी सात वेळांपर्यंतची शिफारस केली होती. प्रयोगशाळेने किती वेळा चाचणी केली हे अहवालात नसेल तर मागून घ्या.

एका जागेवर तीन किंवा चार अलील दिसले तर नमुन्यात किमान दोन जनावरे आहेत. मादी आणि बछडे एकाच भक्ष्यावर आल्यावर हे होणारच. अशा मिश्र प्रोफाइलमधून एक निवडून 'हाच' म्हणू नका. रक्त साकळलेल्या छिद्राभोवतीचा वेगळा स्वॅब घेतला असेल, तर गुंता तिथे सुटू शकतो.

जुळले, म्हणजे किती जुळले?

'दहा जागांवर जुळले' हे वाक्य अर्धवट आहे. त्याच टापूत तेच प्रोफाइल असलेले दुसरे जनावर असण्याची शक्यता किती, हे सांगितल्याशिवाय त्याला वजन नाही.

समजा प्रत्येक जागेवर पाच अलील आहेत आणि सगळे सारखेच प्रचलित, म्हणजे प्रत्येकी ०.२. अशा एका जागेवर नाते नसलेल्या दोन जनावरांचे प्रोफाइल सारखे असण्याची शक्यता ०.०७२ येते. दहा जागांसाठी हा आकडा दहा वेळा गुणला की साधारण २६ हजार कोटींत एक. २०२२ च्या गणनेनुसार देशात सरासरी ३,६८२ वाघ होते. त्यामुळे हे उत्तर ऐकून सगळे निर्धास्त होतात.

पण उसातले बिबटे नात्यातले असतात. सख्ख्या भावंडांसाठी तीच शक्यता एका जागेवर ०.३६८ आहे. पाच जागांवर ती १४८ त एक होते, दहा जागांवर सुमारे २२ हजारांत एक. नाते नसलेल्यांसाठी पाच जागांवरही पाच लाखांत एक असा भक्कम दिसणारा आकडा भावंडांच्या बाबतीत किती दुबळा ठरतो, ते यातून दिसते. आणि खऱ्या जागांवर अलील इतके समान वाटलेले नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहूनही कमजोर येतो. जानेवारी २०२० मध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे असे एक कुटुंबच मेले. अशा ठिकाणाहून आलेली नखे-कातडी वेगळी ओळखताना भावंडांचाच आकडा धरला पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी मागा. भावंडांसाठीची शक्यता अहवालात लिहिलेली असावी. अलीलांचे प्रमाण त्याच भूप्रदेशातल्या किमान २५-३० जनावरांवरून काढलेले असावे. मध्य भारताचे प्रमाण सह्याद्रीला लावू नये. आणि तुटक, एकाकी जंगलातल्या आपसांतल्या नात्यांसाठी 'थीटा' ही दुरुस्ती लावलेली असावी. शक्य असेल तर गणितावर न थांबता त्या टापूतल्या मादीची, बछड्यांची विष्ठा गोळा करून त्यांना प्रत्यक्षच वगळा. हा उपाय कुठल्याही सूत्राहून भक्कम आहे.

न जुळण्याचेही नीट वाचन हवे. एकाच जागेवर, एकाच अलीलाचा फरक असेल तर आधी अलील गळाला का हे तपासून पुन्हा चाचणी करा. तीन-चार जागांवर स्वच्छ, पुन्हापुन्हा दिसणारा फरक असेल, तर पिंजऱ्यातला बिबट्या तो नव्हे. तिथे चर्चेला जागा नाही आणि त्याला अडकवून ठेवण्याचे कारणही उरत नाही.

साक्ष देताना एक वाक्य टाळा: 'हा बिबट्या हल्लेखोर असण्याची शक्यता ९९.९९ टक्के आहे.' डीएनए हे सांगत नाही. तो सांगतो की लाळ या बिबट्याचीच असेल तर हे प्रोफाइल दिसणे अपेक्षित होते, आणि ती भावंडाची असेल तर ते २२ हजारांत एकदा दिसले असते. लाळ मारताना लागली की नंतर खाताना, हे जखम सांगते. तिथे कॅमेरा ट्रॅपचे चित्र, ठसे आणि शवविच्छेदन सोबत हवे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धतीही एकाच पुराव्यावर विसंबत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली जनावर संपवण्याचा आदेश निघणार असेल, तर हे सगळे कागद एकत्र टेबलावर असलेच पाहिजेत.

गणनेसाठी वापरताना

हीच प्रोफाइल विष्ठेवरून लोकसंख्या मोजायला वापरतात: पहिल्या फेरीत किती वेगळी जनावरे, दुसऱ्या फेरीत त्यांतली किती पुन्हा दिसली, त्यावरून एकूण किती. इथे दोन चुका उलट्या दिशांनी जातात. जागा कमी घेतल्या तर दोन भावंडे एकच मोजली जातात आणि संख्या घटते. अलील गळाले तर एका जनावराची दोन होतात आणि संख्या फुगते. यलोस्टोनच्या लांडग्यांवरील स्कॉट क्रील यांच्या २००३ च्या अभ्यासात अशा चुकांमुळे अंदाज साडेपाच पटींपर्यंत फुगू शकतो असे दिसले. एक किंवा दोनच जागांवर वेगळी दिसणारी प्रत्येक जोडी पुन्हा तपासल्याशिवाय संख्या जाहीर करू नये.

बिबट्याच्या टापूत ही विष्ठा-नोंद वर्षाआड करून ठेवली, पकडलेल्या प्रत्येक बिबट्याचे प्रोफाइल त्याच्या मायक्रोचिपच्या क्रमांकासह त्याच नोंदवहीत घातले, तर पुढच्या हल्ल्याच्या स्वॅबची तुलना पिंजऱ्यातल्या एकाशी नव्हे, सगळ्या ज्ञात रहिवाशांशी करता येते. दक्षिण आफ्रिकेत ऑन्डरस्टेपोर्टच्या पशुवैद्यकीय जनुक प्रयोगशाळेने गेंड्यांसाठी उभी केलेली 'ऱ्होडिस' नोंदवही याच तत्त्वावर चालते. जप्त शिंग थेट शिकार झालेल्या गेंड्याशी जुळवता येते, कारण मृत गेंड्याचा नमुना आधीच नोंदीत असतो. आपल्याकडे सुरुवात करायची तर आजपासून भूल दिलेल्या प्रत्येक वाघ-बिबट्याचे २ मिलि रक्त, मेलेल्या प्रत्येकाचा हरभऱ्याएवढा तुकडा आणि सोबत उणे २० अंशांचा, वीज गेली तरी जनरेटरवर चालणारा एक फ्रीझर एवढे हाताशी हवे.